मदत हवी आहे: एक अल्बम देशी, दुसरा ‘इम्पोर्टेड’, असं का?
नमस्कार मंडळी. बाबांच्या पंचाहत्तरीसाठी जुन्या जॅझच्या सीडी शोधतेय. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे सीडींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, आता फोर्टातली उरलीसुरली दुकानं पालथी घालतेय. मिळेल त्यावर ‘इम्पोर्टेड’ची चिठ्ठी, किंमत दुप्पट!

इथल्या कंपनीने परवाना घेऊन छापली तर ती देशी प्रत, एवढं कळलं. खप थोडा असेल तर छापण्यापेक्षा तयार माल बाहेरून आणणं परवडतं. कस्टम ड्यूटी आणि वाहतूक मात्र आपल्या माथी. पण एकाच वादकाचा एक अल्बम देशी आणि दुसरा इम्पोर्टेड, हे का? हक्क वेगवेगळ्या लेबलांकडे, म्हणजे संगीत कंपन्यांकडे, असतात म्हणून? आणि देशी प्रत आवाजात डावी असते का? दोन्ही ऐकलेल्यांनी कृपया सांगा, वाढदिवस पुढच्याच महिन्यात आहे.