अनुभव धागा: काट्यावरचा आकडा, बीएमआय आणि पोटाचा घेर

उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि किलोतल्या वजनाला त्याने भागायचं, की झाला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. उंची १.६० मीटर आणि वजन ६४ किलो असेल तर उत्तर येतं २५. जागतिक तक्त्यात जादा वजन इथून सुरू होतं. भारतीयांसाठी मात्र आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली वेगळे निकष मांडले: २३ पासून जादा वजन, २५ पासून स्थूलता. म्हणजे याच उंचीला साधारण ४७ ते ५९ किलो वजन ठीक. मूळ सूत्र बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाचं, १९व्या शतकातलं. तो लोकसंख्येचा अभ्यास करत होता, एकेका माणसाची तब्येत नव्हे. म्हणून आकडा काढाच, पण त्याने तुम्हाला काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, तेही इथे लिहा. वजन वाढवावं लागलेल्यांनीही जरूर लिहा, त्यांचं कोणी ऐकून घेत नाही.

पुणे, आयटीत नोकरी, वय ३८
उंची १७२ सेंमी, वजन ६७ किलो. कंपनीच्या तपासणीत बीएमआय २२.६, त्यापुढे हिरवा रंग. खाली एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) मात्र ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी टेप काढला, शर्ट वर घ्यायला लावला, श्वास सोडायला सांगितला. पोटाचा घेर ९४ सेंमी. आपल्याकडच्या पुरुषांना मर्यादा ९० ची, बायकांना ८० ची.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती कायमची लक्षात राहिली. आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला होता. हातपाय बारीक, स्नायू कमी, चरबी पोटात, अशी आपली ठेवण. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही याज्ञिकांना हेच दिसलं, वजनाने लहान पण त्या मानाने चरबी जास्त.

मी भात सोडला नाही, निम्मा केला आणि उसळीची वाटी मोठी केली. जेवणानंतर चालतो, आठवड्यात थोडं वजन उचलतो. काट्यावर जेमतेम दोन किलो उतरलेत, घेर मात्र ८८ वर आलाय. माझ्यासाठी हाच आकडा महत्त्वाचा.

कोल्हापूर
आमची गोष्ट उलटी. तालमीत होतो तेव्हा वजन ८४, उंची पाच फूट सात इंच. तक्त्यानं बघितलं तर सरळ स्थूल! पण ते सगळं जोर-बैठकांचं अंग होतं, पोट सपाट. कुस्ती सुटली, खुराक काही सुटला नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई सगळं चालूच. गंमत बघा, वजन आजपण ८४ च आहे. काटा म्हणतोय काही बदललं नाही, आणि पट्ट्याला नवीन भोकं पाडायला लागली. जुने पैलवान बीपी-शुगरनं आजारी पडलेले आमच्याकडं घरोघरी आहेत. कुस्ती सोडणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं, मेहनत कमी झाली की खुराक त्याच महिन्यात कमी करा, आणि रोजच्या बैठका मोडू नका.

लातूर जिल्हा, गृहिणी
माझं वजन ३९ होतं, उंची १५२. बीएमआय १७ च्याही खाली. सगळे म्हणायचे, किती छान सडपातळ आहेस. जिना चढताना धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, हे कोणाला दिसत नव्हतं. गावातल्या अंगणवाडी ताईंनी मागे लागून तपासायला नेलं. हिमोग्लोबिन ८.५. आधी टीबी, थायरॉइड नाही ना हे बघितलं, मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर चांगल्या लागू पडतात.

खरा बदल झाला तो जेवायच्या वेळेत. सगळ्यांचं उरकल्यावर पातेल्यात उरेल ते मी खायचे. ताईंनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं की हिचं ताट तुमच्याबरोबर वाढा. आता शेंगदाण्याची चटणी, अंडं, डाळ माझ्याही ताटात असते. वजन ४५ झालंय.

लेस्टर, इंग्लंड
इथल्या दवाखान्यातल्या नर्सने माझा बीएमआय २४.८ बघून स्वतःहून सांगितलं, दक्षिण आशियाई लोकांसाठी आम्ही धोका २३ पासून धरतो, जास्त धोका २७.५ पासून. शेजारच्या इंग्रज मैत्रिणीचा तेवढाच आकडा, तिला काहीच सांगितलं नाही.

डोंबिवली
बाबा ७४ वर्षांचे. वजन आपोआप उतरत गेलं आणि बिल्डिंगमध्ये सगळे कौतुक करू लागले. मला मात्र त्यांच्या पोटऱ्या बारीक झालेल्या दिसत होत्या. हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न न करता उतरलेलं वजन या वयात तपासलंच पाहिजे. सुदैवाने गंभीर काही नव्हतं. नवीन कवळी टोचत होती म्हणून नुसती पेज आणि मऊ भातावर दिवस काढत होते! कवळी दुरुस्त करून घेतली. आता पिठलं, पनीर, अंड्याची भुर्जी खातात, आणि रोज खुर्चीतून उठबस करायचा व्यायाम. या वयात बीएमआयपेक्षा पायांतली ताकद बघा.

नाशिक, ९ वर्षांच्या मुलीची आई
शाळेच्या आरोग्यपत्रकावर 'कमी वजन' लिहून आलं, कारण बीएमआय १६ आणि तक्ता मोठ्यांचा. लेक आठवडाभर वर्गात चिडवून घेत होती. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे वेगळे आलेख आहेत, त्यात ती अगदी मध्यावर आहे. शाळेत तो आलेख घेऊन गेले आणि शेरा बदलून घेतला.

नागपूर
घेर नेमका कुठे मोजायचा? पँट बांधतो तिथे का?

धागाकर्ती
नाही, पँट बहुतेकांची पोटाखाली असते, तिथे आकडा कमी येतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर. टेप आडवा ठेवा, आवळू नका. गरोदरपणानंतर किंवा पीसीओएसमध्ये (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा त्रास) वजन सांभाळलेल्या कोणी आहात का? त्याबद्दल अजून काहीच आलेलं नाही.