स्वच्छ हवेचं पैशातलं मोल: रिग्रेशनमधून अशक्य आकडा येतोय, मदत हवी आहे

हवेच्या प्रदूषणाने लोकांच्या समाधानात होणारी घट पैशात मोजायची आहे. डेटा असा: ६,२०० प्रौढ, 'एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी आहात' याला ० ते १० मधलं उत्तर, स्वतःच्या मासिक उत्पन्नाचा लॉग (लॉगरिदम) आणि सर्वांत जवळच्या मापन केंद्रावरची पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) ची वार्षिक सरासरी. केंद्रं ३१. कंट्रोल (ज्यांचा परिणाम वेगळा काढायचा ते घटक): वय, लिंग, शिक्षण, नोकरी, तब्येत. साधं ओएलएस, म्हणजे इतर घटक सारखे धरून प्रत्येकाचा परिणाम काढणारं नेहमीचं रिग्रेशन.

पीएमचा गुणक (पीएम एकाने वाढल्यावर समाधानात होणारा बदल) −०.००६, लॉग उत्पन्नाचा ०.१२. चिन्ह सोडून पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ०.०५. म्हणजे घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम कमी व्हावा म्हणून माणूस ५ टक्के उत्पन्न सोडेल, आणि २० मायक्रोग्रॅमसाठी १०० टक्के! मग खाणार काय, हवा? ऑर्डर्ड लॉजिटनेही (क्रमवार उत्तरांसाठीची पद्धत) गुणोत्तर जवळपास तेच. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

आधी गणित. ५ टक्के हा अगदी छोट्या बदलाचा दर आहे, त्याला थेट २० ने गुणता येत नाही. उत्पन्न लॉगमध्ये असल्याने १ वजा ई (सुमारे २.७१८) चा (−०.०५ × २०) घात काढा: ६३ टक्के येतील. तरीही फारच.

खरा गुन्हेगार छेद, म्हणजे उत्पन्नाचा गुणक. ०.१२ चा अर्थ बघा: उत्पन्न दुप्पट झालं तरी समाधान जेमतेम ०.०८ ने वाढतं. पटतंय? एकट्याची मिळकत नको, कुटुंबाचं उत्पन्न घ्या आणि माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. कमावणाऱ्या घरातल्या गृहिणीचं उत्पन्न आत्ता शून्य धरलं असेल, किंवा शून्याचा लॉग निघत नाही म्हणून ती ओळच गळली असेल. एका महिन्याचा तोंडी आकडा चुकीचा असतोच, आणि अशी चूक गुणकाला शून्याकडे ओढते. वर्षाचं उत्पन्न मिळालं तर उत्तम.

तब्येत काढून टाका. प्रदूषण माणसाला त्रास देतं ते बऱ्याच अंशी तब्येतीतूनच. तो रस्ता बंद करून परिणाम कसा मोजणार? उत्पन्नाचा परिणामही काही अंशी तब्येतीतूनच होतो. दोन्ही गुणक हलतील. समजा छेद ०.४ झाला आणि अंश तोच राहिला, तर २० मायक्रोग्रॅमला २६ टक्के.

प्रतिसाद २

अंश, म्हणजे पीएमचा गुणक, तोही तितकाच कच्चा आहे. ओळी ६,२०० असल्या तरी प्रदूषणाच्या किंमती फक्त ३१. स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) केंद्रानुसार क्लस्टर करा, म्हणजे एका केंद्राच्या ओळी एकच गट धरा, आणि ३१ क्लस्टर कमी पडतात म्हणून वाइल्ड बूटस्ट्रॅप (डेटाच्या कृत्रिम नमुन्यांतून अनिश्चितता काढायची पद्धत) वापरा. केंद्रापासून फार लांबची घरं गाळून आकडा किती हलतो तेही पाहा.

जिथे धूर जास्त तिथे गर्दी, गोंगाट आणि बहुतेकदा पगारही जास्त. वार्षिक सरासरी हे सगळं एकाच गुणकात कोंबते. मुलाखतीची तारीख असेल तर त्या दिवसाचं रीडिंग जोडून ठिकाणाचे फिक्स्ड इफेक्ट टाका, म्हणजे प्रत्येक ठिकाणाचे कायमचे फरक वेगळे निघतील. अर्थशास्त्रज्ञ लेविन्सन यांनी २०१२ साली अमेरिकेसाठी दैनिक पीएम १० (जरा मोठे कण) वर हेच केलं. मात्र पाऊस, ऊन, तापमान कंट्रोलमध्ये हवंच: पाऊस हवा धुतो आणि मूडही बदलतो. शिवाय यातून एका दिवसाची झळ मोजली जाते, वर्षानुवर्षं धुरात राहण्याची नव्हे. ती हवी तर बाहेरचा धक्का शोधा, म्हणजे लोकांच्या निवडीशी संबंध नसलेला प्रदूषणातला बदल. अर्थशास्त्रज्ञ ल्युकिंगर यांनी २००९ च्या अभ्यासात जर्मनीतल्या वीज केंद्रांवर बसलेली गंधक काढणारी यंत्रणा आणि वाऱ्याची दिशा वापरली होती.

धागाकर्ता

तब्येत काढतो, उत्पन्नही बदलतो. घरभाडं कंट्रोलमध्ये घालू का?

प्रतिसाद २

काय मोजायचंय त्यावर. चांगल्या हवेच्या भागात भाडं चढं असतं, म्हणजे माणूस तिची काही किंमत आधीच मोजतोय. भाडं न घालता येणारा गुणक उरलेली झळच दाखवतो. घरांच्या किंमतीतून काढलेलं मोल त्यात वेगळं मिळवावं लागतं. भाडं घातलंत तर ती बेरीज करू नका, तेच दोनदा मोजलं जाईल.

आणि भागाकाराची कॉन्फिडन्स रेंज (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो) द्या, नुसता आकडा नको. छेद शून्याजवळ असला की डेल्टा पद्धत (रेंज काढायचं नेहमीचं सूत्र) फसते. भागाकारासाठीच असलेली फीलरची पद्धत वापरा. रेंज अमर्याद आली, तर हा डेटा मोल सांगू शकत नाही असंच लिहा.