खिडकीची आडवी पट्टी नजरेसमोर नको
खिडकीला छोटी तावदानं असली की पुसायला कटकट, त्यापेक्षा एकच मोठी काच बरी, असं काहींचं म्हणणं असतं. पुसण्याचं मान्य. पण तावदान फुटलं तर तेवढंच बदलता येतं. आणि जुन्या वाड्यांतली चार झडपांची खिडकी आठवा: खालच्या दोन लावल्या, वरच्या उघड्या ठेवल्या की आडोसाही राहतो, वाराही खेळतो. मला ती आजही सगळ्यांत शहाणी खिडकी वाटते.

तावदानांच्या मधल्या आडव्या पट्टीच्या उंचीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. खिडकी जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू होऊन सात फुटांपर्यंत असेल तर बरोब्बर मध्य पावणेपाच फुटांवर येतो, म्हणजे ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या ऐन डोळ्यांसमोर. खुर्चीत बसल्यावर नजर पावणेचार-चार फुटांवर असते. या दोन्ही उंच्या टाळा. पट्टी सहा फुटांच्या आसपास घेऊन छोटी तावदानं वर ठेवा. माप देण्याआधी चौकटीत आडवी दोरी बांधून बसून, उभं राहून बघाच.