स्वर्गमंदिराचे २८ खांब: पंचांग की मागाहून केलेली बेरीज?

खांबमोजणीकार:
बीजिंगच्या स्वर्गमंदिरात नुकताच जाऊन आलो. सुगीसाठी प्रार्थना करायच्या त्या गोल, तीन छपरांच्या सभागृहात गाइड सांगतो: मधले ४ खांब म्हणजे ऋतू, पुढचे १२ महिने, बाहेरचे १२ म्हणजे दिवसाचे बारा प्रहर (चिनी प्रहर दोन तासांचा). महिने आणि प्रहर मिळून २४, म्हणजे वर्षाचे २४ सौर टप्पे. सगळे मिळून २८, म्हणजे चिनी नक्षत्रं (आपली २७, त्यांची २८). वर छपराखालचे ८ आखूड खांब धरले की ३६ तारे! बेरीज करत राहिलं की काहीतरी निघतंच. माझं मत: एकावर एक तीन छपरं पेलायची तर खांबांची तीन कडी लागणारच. हे सुतारकाम आहे, अर्थ मागाहून चिकटवलाय.

ओसरी:
असहमत. तीन कडी लागतात, मान्य. पण ८ आणि १६ का नाहीत? १२ आणि १२ च का? ज्या वास्तूत बादशहा वर्षाच्या पिकासाठी गुडघे टेकायचा, तिथे महिन्यांचा आकडा येणं तुम्हाला बादरायण संबंध वाटतो?

आणि दक्षिणेकडची गोल वेदी पाहिलीत ना? मधल्या दगडाभोवती पहिल्या वर्तुळात ९ फरश्या, मग १८, मग २७, नवव्यात ८१. खाली तिसऱ्या थराच्या शेवटच्या वर्तुळात २४३. मी बुटाच्या टोकाने पहिली दोन वर्तुळं मोजली, तिसऱ्यात एक शाळेची सहल मधे आली. नऊ हा सर्वात मोठा विषम अंक, म्हणून आकाशाचा आणि बादशहाचा. यात कसलं सुतारकाम?

खांबमोजणीकार:
वेदीबद्दल माघार. पण ती बांधली १५३० मध्ये च्याचिंग बादशहाने, आणि आजचं रूप नंतरच्या छ्येनलुंग बादशहाने १७४९ च्या सुमारास वाढवलं तेव्हाचं. त्याआधी तिथे निळ्या चकाकत्या फरश्या होत्या. म्हणजे इथेही अर्थ नंतर घट्ट झाला.

जुनी_कौलं:
दोघंही एकाच खांबाला धरून बसलाय, जरा छपराकडे बघा. १४२० मध्ये युंगल बादशहाने बांधलेलं सभागृह गोल नव्हतंच, आयताकृती होतं. आकाश आणि पृथ्वी दोघांची पूजा तिथेच व्हायची. च्याचिंगने दोन्ही पूजा वेगळ्या केल्या. १५४५ ला गोल सभागृह आलं, तेव्हा छपरं वरून खाली निळं, पिवळं, हिरवं होती. १७५१ मध्ये छ्येनलुंगने तिन्ही निळी केली आणि नावही बदललं. पुढे १८८९ मध्ये वीज पडून ते जळालं, आज दिसतं ते १८९६ चं. म्हणजे अर्थ 'चिकटवलेला' नाही, हुकमाने दुरुस्त केलेला आहे. संविधानात दुरुस्ती झाली म्हणून कलम खोटं ठरत नाही!

ओसरी:
+१. आवाराची भिंतसुद्धा उत्तरेला गोल, दक्षिणेला चौकोनी: आकाश गोल, पृथ्वी चौकोन. ही तर कुणी मोजूही नये, नुसती बघावी.

खांबमोजणीकार:
हुकमाने दुरुस्ती, हे पटलं. छपराचे रंग आणि नाव बदलल्याच्या तारखा आहेत, म्हणून ते मानतो. आता खांब आणि महिने यांचा संबंध सांगणारा १५४५ च्या काळातला एखादा लेख दाखवा. तोवर ते ३६ तारे गाइडचेच.