मदत हवी आहे: जुनी अल्टो गावात ठीक, हायवेवर तापते

लातूरचा_गडी:
नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची अल्टो, पेट्रोल, गॅस किट नाही. गावात, सिग्नलला, एसी लावूनसुद्धा काटा मधोमध. पण अंबाजोगाई रोडला ८० च्या पुढं अर्धा तास चालवली की काटा चढायलाय. बीडकडून येताना मांजरसुंब्याचा घाट चढला की लालच्या जवळ. एसी बंद करून वेग कमी केला की खाली येतो. फॅन फिरतोय, गळती कुठंच नाही. पाणी बोअरचं, त्यात थोडं हिरवं कूलंट. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) मागच्या उन्हाळ्यात काढून टाकलेला आहे. आणखी एक, सकाळी गाडी थंड असताना बाजूचा डबा काठोकाठ भरलेला, पण झाकण उघडलं तर रेडिएटरमध्ये पाणी कमी, अन् वरचा होज (रबरी पाइप) चपटलेला. मेकॅनिक म्हणायलेत हेड गॅस्केट (हेड अन् इंजिनाच्या ब्लॉकमधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागंल. आधी काय तपासू?

पाना_दहाबारा:
हेडला एवढ्यात हात लावू देऊ नका. गाडी कधी तापते यातच अर्धं निदान असतं. उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये तापली तर फॅन, रिले, सेन्सर बघायचे. वेगात समोरून हवा येतेच, फॅनची फारशी गरज नसते. तिथं तापते म्हणजे एकतर पाणी पुरेसं फिरत नाही, नाहीतर रेडिएटर उष्णता सोडत नाही. तुमची गाडी या वेगात तापणाऱ्या गटातली.

गॅस्केट नुकतंच फुटायला लागलं असेल तर तेही लोडवरच दिसतं, म्हणून तेवढं तपासून मोकळे व्हा. इंजिन पूर्ण थंड. झाकण काढा, गळ्यापर्यंत पाणी भरा, सुरू करा. पहिले थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे, ते सोडून द्या. पाच मिनिटांनंतरही रेस दिली की बुडबुडे वाढत असतील तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. पाणी चढून वर यायच्या आत झाकण बसवा. मग तिन्ही प्लग काढा. दोन तपकिरी अन् एकच पांढरा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला तर घाबरू नका, डिपस्टिकही बघा. तीही दुधाळ असेल तरच काळजी. नुसतं झाकण असेल तर थंडीतली वाफ असते. हे सगळं ठीक निघालं तर हेड उतरवायला काही कारण नाही.

डबा भरलेला, रेडिएटर रिकामा, होज चपटा, ही तिन्ही लक्षणं झाकणाची. झाकण उलटं करा. मधली छोटी चकती म्हणजे परतीचा व्हॉल्व्ह. इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते आणि डब्यातलं पाणी या चकतीतून परत ओढलं जातं. चकती खारानं चिकटली की पाणी बाहेरच राहतं. नखानं ओढा. जराशी उघडून स्प्रिंगनं परत बसली पाहिजे. भोवतीचं रबर कडक झालं असेल किंवा त्यावर गळ्याचा वळ उमटला असेल तरी बदलाच. डब्याकडे जाणारी बारीक नळी तडकलेली नाही ना, हेही बघा. तिथून हवा ओढली तरी पाणी परत येत नाही, फक्त तेव्हा होज चपटत नाही.

नवीन घेताना झाकणावरचा आकडा जुळवा, लहान गाड्यांत बहुतेक ०.९ असतो. लातूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर आहे, उघडं पाणी तिथं ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ०.९ किलोचा दाब धरला तर तेच पाणी ११७ पर्यंत टिकतं. दाब धरत नसेल तर घाटात पाणी उकळणारच.

बालाघाटी:
थर्मोस्टॅट काढला ना, तिथंच चुकलं. पाणी इतकं जोरात पळतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. थर्मोस्टॅट टाका, प्रश्न मिटला.

पाना_दहाबारा:
नाही राव, हे सगळीकडे ऐकायला मिळतं पण बरोबर नाही. पाणी जास्त फिरलं तर उष्णता जास्तच बाहेर पडते. थर्मोस्टॅट नसल्याचा तोटा वेगळा. इंजिन नीट तापत नाही, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासही (रेडिएटर टाळून जाणारी वाट) बंद करते. तिथं तो काढला तर पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात येतं. पण यांच्या केसमध्ये वेगळंच कळतं: थर्मोस्टॅट नसतानाही गाडी तापते, म्हणजे अडथळा दुसरीकडे आहे.

रेडिएटर_गल्ली:
सहमत. मला रेडिएटर चोक वाटतो. बोअरचं पाणी दरवेळी वरून भरत गेलं की चुना नळ्यांत बसत जातो. घरच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बघितला असेल, तोच हा.

तीन गोष्टी बघा. एक, इंजिन गरम झाल्यावर बंद करा, फॅनचं कनेक्टर काढा (नाहीतर हात घालताना अचानक फिरायचा) आणि रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवा. वरून खाली उष्णता हळूहळू कमी झाली तर ठीक. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद. दोन, कनेक्टर परत लावून, बॉनेट उघडं ठेवून एकाला २५००-३००० वर रेस द्यायला सांगा आणि खालचा होज बघा. ती पंपाची ओढायची बाजू. रेडिएटरमधून पाणी येत नसेल तर पंप ओढतो आणि होज आत दबतो. रेस सोडली की फुगतो. होज जुना, पिलपिला असेल तरी असंच होतं, म्हणून थंड असताना दाबूनही बघा. तीन, टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट बघा. कापूस वेचणी, सोयाबीनची मळणी अन् उसाच्या पाचटाचा हंगाम झाला की आपल्याकडं तिथं तूस आणि कापसाचा गादीसारखा थर बसतो, समोरून काहीच दिसत नाही. इंजिनाच्या बाजूनं बाहेर, साध्या नळाच्या धारेनं धुवा. प्रेशर वॉशरनं जाळीचे पातळ पत्रे आडवे पडतात.

फॅन बेल्टही (म्हणजे वॉटर पंप फिरवणारा पट्टा) अंगठ्यानं दाबा, साधारण १० मिमी जावा. ढिला असेल तर वेगात घसरतो आणि पंप पुरेसा फिरत नाही.

लातूरचा_गडी:
सगळं केलं. बुडबुडे नाहीत, प्लग सारखे, डिपस्टिक स्वच्छ. झाकणाची चकती चिकटलेलीच होती. बेल्ट ठीक. फटीतून कचरा निघाला, पण कमी. रेसला खालचा होज स्पष्ट दबतोय, होज मात्र टणक आहे. जाळीचा उजवीकडचा खालचा भाग थंड. रेडिएटरवाला ॲसिड मारून देतो म्हणतोय. मारू का?

रेडिएटर_गल्ली:
टाक्या काळ्या प्लास्टिकच्या असतील तर कोर ॲल्युमिनियमचा आहे. ॲसिड चुन्यासोबत नळ्याही खातं, नंतर बारीक छिद्रं पडतात. टाक्या उघडून सळई घालायचं काम जुन्या तांबा-पितळेच्या रेडिएटरला चालायचं, याला नाही. सरळ नवीन कोर किंवा पूर्ण रेडिएटर घ्या. जुना उतरवला की दोन्ही होजमधून नळाच्या पाण्यानं ब्लॉक उलट-सुलट धुवा, गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत. ते झाल्यावरच नवीन जोडा, नाहीतर ब्लॉकमधला गाळ नव्यात जाऊन बसेल.

पाना_दहाबारा:
थर्मोस्टॅट याच वेळी टाका. बसवण्याआधी पातेल्यात पाण्यात सोडून तापवा, त्यावर छापलेल्या अंशाला (८२ किंवा ८८) उघडायला लागला पाहिजे. वर छोटी हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला ठेवायची, हवा तिथूनच निघते.

भरताना कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर मॅन्युअलमधल्या एकूण क्षमतेच्या निम्मं आधी ओता, मग डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी. ब्लॉकमध्ये धुतलेलं पाणी उरलेलं असतंच, म्हणून हा क्रम. रेडीमिक्स घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही, पण ब्लॉक आधी नीट निथळू द्या. गाडीचं तोंड चढाकडं, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, हळूहळू भरा. वरचा होज दाबत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा, फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवा. रात्रभर थंड झाल्यावर पातळी बघून डब्यात खूण असेल तिथपर्यंतच भरा. सकाळी डब्यातली पातळी उतरलेली दिसली तर झाकण नीट ओढतंय.

लातूरचा_गडी:
रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट तिन्ही सांगून टाकलं. वॉटर पंप पण बदलू का एकदाच?

पाना_दहाबारा:
बेल्ट काढून पुली हातानं हलवा. खेळ नसेल, आवाज नसेल, खालच्या छोट्या भोकातून पाण्याचा डाग नसेल तर राहू द्या. खालचा होज दबतोय म्हणजे पंप ओढतोयच.