मे महिन्यात भाजीच्या तुकड्यावर पाण्याखेरीज काय कामं करायची? (इंदूर)

मृद्गंध_इंदूर

नमस्कार मंडळी. बिचोली मर्दानाच्या पुढे आमच्या परिचितांचं शेत आहे. त्याच्या कडेची जमीन यंदा काही घरांनी मिळून भाजीसाठी वाटून घेतली. माझ्या वाट्याला साधारण 20 बाय 30 फूट आली आहे. भेंडी, गिलकी (घोसाळं), दुधी आणि काकडी मार्चमध्ये लावली, हिवाळ्यातले टोमॅटो अजून उभे आहेत. पाणी बोरिंगचं.

सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनसुद्धा दुपारी गिलकीची पानं अशी लोळतात की बघवत नाही. दुधीला फुलं भरपूर, पण धरलेलं फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळतं. टोमॅटोची फुलं झडतात. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. माहेर कोकणातलं, तिथल्या लाल मातीत हे असं कधी बघितलं नव्हतं.

ऑफिसच्या आधी सकाळी तास-दीड तास मिळतो, शनिवार-रविवार संध्याकाळही मोकळी असते. त्या वेळात नेमकं काय करू?

माळवी_माळी

ताई, दुपारी दोन वाजता झाडाकडे बघून पाण्याचं ठरवू नका. गिलकी, दुधी, काकडीची पानं मोठी असतात. 41-42 अंशांच्या उन्हात मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, म्हणून पान मान टाकतं. संध्याकाळी सावरलं म्हणजे झाड ठीक आहे. सकाळी सहालाच पान पडलेलं दिसलं तर ते खरं तहानलेलं. आळ्यात बोट खुपसा, दोन पेरांवर ओल लागली तर त्या दिवशी पाणी नकोच. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. रोज दोनदा थोडं थोडं दिलं की मुळं वरच्या वरच राहतात आणि मग दुपार त्यांना सोसत नाही. दोन-तीन दिवसांआड, पहाटे, आळं भरून द्या.

आता भेगा. आळ्यात सोडलेलं पाणी भेगेतून थेट खाली उतरतं, मुळांच्या वाट्याला येतच नाही. शिवाय भेग रुंदावते तशी बारीक मुळं तुटतात. त्यामुळे तुमच्या सकाळच्या तासातलं सगळ्यात मोलाचं काम खुरप्याचं आहे. पाणी दिल्यावर वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकटेनाशी झाली, की वरची दोन बोटं माती हलवून भुगा करायचा, भेगा बुजवायच्या आणि लगेच झाकायचं. गव्हाचा भुसा जनावरांना लागतो, तो मागू नका. सोयाबीनचं भिजलेलं, खराब झालेलं काड शेतमालक आनंदाने देतील. झाडांचा पाचोळाही चालतो. चार बोटं थर द्या, फक्त खोडाला टेकवू नका. या भागात मे महिन्यात उघडी माती ठेवणं मला बघवत नाही. लोक टँकर मागवतात आणि जमीन मात्र तशीच उन्हात तापत ठेवतात.

दुधीचं बघू. तिचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री पतंग परागीकरण करतात. तुम्ही सकाळी जाता तेव्हा ते मिटायला लागलेलं असतं. दोडक्याचंही फूल असंच दिवस कलल्यावर उघडतं. गिलकीचं पिवळं फूल मात्र पहाटेचं, त्याचं काम मधमाश्या करतात. शनिवारी-रविवारी संध्याकाळी जा. ज्या फुलामागे इवलीशी दुधी दिसते ती मादी, नुसत्या देठावरचं नर. नर फूल तोडून पाकळ्या मागे सारा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. उन्हात आणि लांब दिवसांत नर फुलंच जास्त येतात, त्याची काळजी नको.

पण गळालेलं फळ एकदा चिरून बघाच. आत कोरं असेल तर परागीकरण झालेलं नाही. अळ्या निघाल्या तर फळमाशी आहे, आणि तिचा इलाज वेगळा.

भेंडी एक दिवसाआड तोडा, निबर शेंग झाडावर ठेवू नका, नाहीतर पुढची फुलं कमी होतात. ज्या झाडाच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्यात ते झाड उपटून टाका. तो रोग पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते आणि त्यावर औषध नाही.

टोमॅटो काढून टाका. रात्रीचं तापमान 24-25 च्या वर राहिलं की फुलं झडणारच. जे फळ धरेल तेही लाल होणार नाही, पिवळट राहील, कारण लाल रंग कडक उन्हाळ्यात नीट तयार होत नाही.

लश्करवाली_ग्वाल्हेर

काकांचं बाकी सगळं पटलं, टोमॅटोचं नाही. आमच्याकडे लू तुमच्यापेक्षा कडक, तरी मी दोन-तीन धट्टीकट्टी झाडं गुडघ्याएवढी छाटून पश्चिमेच्या बाजूला जुन्या साडीचा पडदा बांधते. फळ मे महिन्यात येत नाही हे खरं, पण जगलेलं झाड पावसाच्या तोंडी नवी फूट देतं. सगळी ठेवू नका, दोन ठेवा.

पाण्यासाठी एक सांगते. न रंगवलेलं मातीचं मडकं दोन वेलांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकणी ठेवा. पाणी झिरपत राहतं आणि मुळं त्या बाजूने जातात. वीज नसेल त्या दिवशी याचाच आधार असतो. गेल्या हंगामातला जुना माठ चालेल, पण त्याची भोकं बुजलेली नसावीत. पाणी भरून बघा, बाहेरून ओला झाला पाहिजे.

ओसरी

काकडीच्या पानांवर बारीक फिकट ठिपके असतील तर पान उलटं करून बघा. कोरड्या उन्हात लाल कोळी लागतो, खाली बारीक जाळं दिसतं. सकाळी लवकर पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा द्या, एवढ्याने बराच कमी होतो. पाणी अनियमित झालं की काकडी कडू निघते, तेवढं सांभाळा.

मृद्गंध_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. दुधी चिरली. आत पांढऱ्या अळ्या आहेत, वर एक तपकिरी टाचणीएवढा डाग. टोमॅटोची दोन झाडं ठेवते, बाकीची काढते. तो वाफा आता रिकामा राहील. तिथे लव्हाळा फार आहे, खुरपला की पुन्हा वर. पावसात मिरची लावायची आहे. तोवर तिथे काय करू?

माळवी_माळी

म्हणजे फळमाशीच. गळालेलं एकही फळ जमिनीवर राहू देऊ नका, कारण अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते. खताच्या खड्ड्यातही टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, मग फेका. धरलेल्या कोवळ्या फळांना कागदाची पिशवी बांधता येते, घरापुरत्या भाजीला हा उपाय सगळ्यात खात्रीचा. क्यू-ल्यूरचा, म्हणजे माशीला वासाने ओढणारा सापळा बी-बियाण्यांच्या दुकानात मिळतो. त्यात फक्त नर सापडतात, म्हणून शेजारच्या सगळ्या वाटेकऱ्यांनी एकदम लावला तरच उपयोग.

रिकाम्या वाफ्याला मे महिन्याचं ऊन द्या, हे ऊन पुन्हा वर्षभर मिळणार नाही. आधी फावड्याने वीतभर खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी वर आणा आणि आठवडाभर वाळू द्या. मोठाल्या गाठी वेचून घ्या. मग माती बारीक करून, भरपूर पाणी देऊन वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून पसरा. काळं नको, पारदर्शकच, कारण ऊन आत गेलं पाहिजे. कडा मातीत दाबा. चार ते सहा आठवडे, म्हणजे पाऊस लागेपर्यंत. तणाचं बरंच बी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे मातीतले बारीक जंत) आणि मर रोगाची बुरशी यात दबते. लव्हाळा पूर्ण जाणार नाही, म्हणूनच गाठी आधी वाळवायच्या.

मिरचीचं रोप मात्र दुसऱ्या जागी करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात वीतभर उंच गादीवाफा, मुरलेलं शेणखत मिसळून. चार बोटांच्या अंतरावर ओळी ओढा, बी नखभरच खोल टाका, वर वाळलेलं गवत पसरा आणि झारीने पाणी द्या. आठ-दहा दिवसांत उगवलं की गवत त्याच संध्याकाळी काढा, नाहीतर रोपं लांबुडकी होतात. वर जुनी मच्छरदाणी कमानीसारखी बांधा, म्हणजे पांढरी माशी आणि फुलकिडे लांब राहतील. पाच-सहा आठवड्यांत रोप तयार होईल, तोवर इंदुरात पाऊस लागलेला असतो. लावणी ढगाळ दिवशी नाहीतर संध्याकाळी करा, दोन रोपांत दीड फूट ठेवा. आणि खाली पाणी साचू देऊ नका. काळ्या मातीत मिरचीला उन्हापेक्षा जुलैचं तुंबलेलं पाणी मारतं, तेव्हा सरीच्या वरंब्यावर लावा.