मदत हवी आहे: बाबांना (वय 66) कासवांच्या किनाऱ्यावर काम करायला जायचंय, नागपूरहून कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज बाबांनी कपाटातून जुनी पँट काढली आणि गुडघ्यापासून कापून दे म्हणाले. "रेतीत चालाले बरी." तेव्हा म्हटलं, आता विचारलेलंच बरं.

बाबा इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होते, 33 वर्षं. लॅबच्या तिसऱ्या फळीवर फॉर्मॅलिनच्या बरणीत समुद्री कासवाचं एक पिल्लू होतं. लहानपणी मी ते कितीदा पाहिलंय. रंग उडून पिवळट झालेलं, पुढचे पाय वल्ह्यासारखे पसरलेले, एक डोळा काचेला चिकटलेला. दर जूनमध्ये बाबा बरणी उतरवायचे, फॉर्मॅलिन बदलायचे आणि आत नवी चिठ्ठी सोडायचे. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहायची, शाई पसरते, हे त्यांनी मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, 'ऑलिव्ह रिडले, पिल्लू'. समुद्र त्यांनी पाहिला तो मागच्या मार्चमध्ये, पहिल्यांदा.

ती सहल मीच बुक करून दिली होती. रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं वेळास, कासव महोत्सव, दोन रात्री. सहलवाल्याने (नाव लिहीत नाही, भांडण काढायचं नाही) "पिल्लं दिसणारच" असं छातीठोक सांगितलं होतं. दोन संध्याकाळी आणि एक सकाळ बाबा दोरीमागे उभे. घरट्यावरची टोपली उचलली की खाली नुसती वाळू. शेवटच्या दिवशी ट्रॅफिक टाळायचं म्हणून बस सहालाच काढली. साडेसातला ताम्हिणीच्या वाटेवर कुणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ आला, त्याच सकाळी एका घरट्यातून पिल्लांची रांग लागली होती. बाबा बसमध्ये काही बोलले नाहीत. नागपूरला उतरल्यावर म्हणाले, "बरनीतलंच पाहाचं का जिंदगीभर?"

पण त्यांच्या डोक्यात बसलंय ते दुसरंच. पिल्लं निघून गेलेलं एक जुनं घरटं तिथला मुलगा उकरत होता. फुटलेली टरफलं एकीकडे, न उबलेली अंडी दुसरीकडे, मोजून वहीत आकडे लिहीत होता. हात ओले, वही ओली, बॉलपेनची शाई फुटलेली. तेव्हापासून बाबांचं एकच, "मले फिरायचं नाही, मले ते वही लिहाची आहे." पाहुणा म्हणून नको, महिनाभर राहून काम करायचंय.

आता माझ्या अडचणी. बाबांना सात वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू, इन्सुलिन नाही. उजवा गुडघा कुरकुरतो. आई नाही. भाऊ बंगळूरला, मला दहा दिवसांच्या वर सुट्टी मिळत नाही. भाऊ म्हणतो, "या वयात कशाला नसती उठाठेव, व्हिडिओ दाखव." व्हिडिओ त्यांनी सगळे पाहून झालेत.

तर मला कळत नाही ते असं. बाहेरच्या माणसाला, तेही या वयाच्या, खरंच काही काम देतात का? महिना कोणता धरायचा? परवानगी कुणाची घ्यावी लागते? आणि आमच्याकडून तिथे जायचं कसं, की म्हातारा माणूस पोचेपर्यंतच थकून जाऊ नये? कुणी राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. "जाऊ द्या हो" असे सल्ले घरात भरपूर मिळालेत.

खाडीकाठ

ताई, मी दापोलीकडचा. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

किनाऱ्यावरचं खरं काम गावातली माणसं करतात, त्यांना आमच्याकडे कासवमित्र म्हणतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून वेळासला हे काम गावाला सोबत घेऊन उभं केलं. त्याआधी अंडी कुत्री-कोल्ह्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जायची. आता वनविभाग आणि गाव मिळून चालवतात. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच हिला. अंड्याला हात लावायचा तो ज्याला परवानगी आहे त्यानेच. तुमचे बाबा कितीही मायेने गेले तरी घरटं उकरायला त्यांना कुणी देणार नाही, आणि देऊ नये.

काम कसं असतं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, शंभरच्या आगेमागे अंडी घालते, वरून वाळू लोटते आणि अंग आपटून आपटून ती दाबते. परत जाते ती मागे वळून न बघता. कासवमित्र पहाटे निघतो. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसतो, एक वर जाणारा, एक परत येणारा. दोन्हींच्या मध्ये जिथे वाळू विस्कटलेली, तिथे बारीक काठी हळू टोचत जायचं. काठी एकदम सहज आत गेली की तिथे घरटं. अंडी काढताना जशी होती तशीच ठेवायची, फिरवायची नाहीत. काही तासांनी आतला गर्भ कवचाला चिकटतो, त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर संपलं. म्हणून सगळी घाई पहाटेची. मग जाळीच्या कुंपणात, ज्याला सगळे हॅचरी म्हणतात, तेवढ्याच खोलीचा सुरईसारखा खड्डा करून त्यात ठेवायची आणि तारीख, अंड्यांची संख्या लिहून पाटी लावायची. पुढे 45 ते 60 दिवस राखण. पिल्लं कधी येणार ते वाळूच्या उबेवर, तुमच्या सहलवाल्यावर नाही.

महिना: माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च. पिल्लं पाहायची तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. वहीचं म्हणाल तर तुमच्या बाबांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. ओल्या हाताने लिहिलेले आकडे नंतर आम्हालाच वाचता येत नाहीत.

रामटेकचा भाचा

काय राजेहो, एवढं हजार किलोमीटर काहून? आपल्या फुटाळ्यात, अंबाझरीत कासव नाहीत का? सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, काकांना तिथं विचारा. लोकांनी घरात पाळलेली ती लाल कानपट्टीवाली विदेशी कासवं मोठी झाली की तलावात सोडून देतात आणि आपली देशी मागे पडतात. काम इथंही ढीगभर आहे.

धागाकर्ती

@रामटेकचा भाचा, बाबांना वाचून दाखवलं. उत्तर जसंच्या तसं: "तलावातले कासव मले माहीत हायेत, त्याइच्या बरण्या दोन होत्या." म्हणजे तुमचा मुद्दा त्यांनी खोडला नाही, बाजूला ठेवला.

@खाडीकाठ दादा, राग कसला. हेच हवं होतं. अंड्याला हात लावायचा नाही हे ऐकून बाबा उलट खूश झाले, म्हणाले की लॅबमध्येही ते पोरांना हात लावू देत नव्हते.

डॉक्टर नाही पण

माझ्या सासऱ्यांवरून सांगते. शुगर असलेल्या माणसाने वाळूत अनवाणी चालायचं नाही, कितीही मोह झाला तरी. शिंपल्याने कापलेलं कळत नाही आणि आठ दिवसांनी कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. टाचेला पट्टा असलेल्या रबरी सँडल घ्या. मऊ वाळूऐवजी ओल्या घट्ट वाळूवरून चाललं की गुडघ्याला त्रास कमी होतो. पहाटे निघताना उपाशीपोटी नाही. गोळ्यांची वेळ बदलणार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. परत आल्यावर रोज पाय धुऊन बोटांच्या मधे बघायचे, स्वतःला दिसत नसेल तर घरमालकिणीला सांगायचं.

रुळावरची गाडी

प्रवास: नागपूर–मडगाव स्पेशल चालू असेल त्या दिवसांत सगळ्यात सोपं तेच. खेडला उतरायचं, तिथून एसटीने मंडणगड, मग वेळास. वेळ भरपूर लागतो पण गाडी बदलावी लागत नाही. नाहीतर पुण्यापर्यंत रेल्वे, एक मुक्काम, मग ताम्हिणी–माणगाव. मंडणगडहून पुढे गाड्या मोजक्या, अंधार पडायच्या आत पोचाल असं बघा. वेळासला घरगुती राहणं, साधं शाकाहारी जेवण. नागपूरकरांनी तर्रीची आशा ठेवू नये.

मरीना ते बेझंट नगर

मी चेन्नईत अकरा वर्षं आहे. ताई, तुम्ही सगळे कोकणाकडेच बघताय, पण तुमचं नागपूर दिल्ली–चेन्नईच्या रुळावर बसलंय! जीटी किंवा तमिळनाडू एक्सप्रेस पकडा, एका रात्रीत इकडे.

इथे स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क म्हणून गट आहे, 1988 पासून. पगारी कुणी नाही, सगळे स्वयंसेवक, बरेचसे कॉलेजची मुलं. जानेवारीपासून हंगामभर रोज रात्री नीलांकराई ते बेझंट नगर किनाऱ्याने चालतात, सहा-सात किलोमीटर, पहाटेपर्यंत. घरटं सापडलं की अंडी हॅचरीत आणतात. शुक्रवारी-शनिवारी बाहेरच्या लोकांनाही सोबत घेतात. इथली अडचण कोल्ह्यांपेक्षा दिव्यांची. पिल्लू क्षितिजावर जिथे जास्त उजेड तिकडे सरकतं. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो, शहरात मात्र रस्त्याच्या खांबाकडे. म्हणून आमच्याकडे टॉर्च लावायची नाही. माझ्या पहिल्या रात्री मी मोबाईल काढला तर एका एकोणीस वर्षांच्या पोरीने मला जे झापलंय!

साठीच्या पुढचे लोक चालताना मी पाहिलेत. पण मधेच थांबणं अवघड, हे गुडघ्याला विचारून ठरवा.

खाडीकाठ

चेन्नईवाल्यांचं बरोबर आहे. चालायची हौस असेल तर तिकडे, एका जागी बसून राखण आणि लिखाण असेल तर इकडे. माझा सल्ला, एकदम महिना नको. आधी आठ-दहा दिवस या, मार्चच्या मध्यावर, एकाच घरी राहा, शनिवार-रविवारची गर्दी सोडून. पहिले तीन दिवस नुसतं कासवमित्राबरोबर फिरायचं, न विचारता काही उचलायचं नाही. चौथ्या दिवशी तोच वही पुढे करेल. वाळूचं तापमान लिहायचं असेल तर थर्मामीटर वाचणारा माणूस हवाच असतो. साधारण 29 अंशांच्या वर घरटं तापलं की माद्या जास्त निपजतात, त्यामुळे हा आकडा हल्ली सगळ्यांना लागतो. जायच्या आधी गावात आणि वनविभागात फोन करून स्पष्ट सांगा, पर्यटक म्हणून नाही, मदतीला येतोय.

आणि एक गंमत बाबांना सांगा. 2021 मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत आमच्या गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनारा सोडून पश्चिमेला! मधे कुठून कशी आली ते तिलाच ठाऊक.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ती गुहागरची गोष्ट बाबांना सांगितली तर त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून टेबलावर पसरला. ओडिशापासून बोट फिरवत श्रीलंकेला वळसा घातला, गुहागरला आणून ठेवलं, मग नागपूरवर ठेवलं. "आपन बरोबर मधात हाओत." भाऊ व्हिडिओ कॉलवर होता, तोही हसला.

ठरलंय ते असं: फेब्रुवारीत एका शनिवारी चेन्नई, मी सोबत. अर्धं अंतर चाललो तरी चालेल का, हे त्या गटाला मेल करून विचारलंय. चेन्नई झेपलं तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वेळास, दहा दिवस. पहिले चार दिवस मी, पुढे भाऊ येतो म्हणालाय. (विश्वास ठेवावा का, हा वेगळा धागा होईल.)

तमिळमध्ये वही असेल का, हा बाबांचा प्रश्न आहे. @मरीना ते बेझंट नगर, सांगाल का?

मरीना ते बेझंट नगर

आकडे इंग्रजीत असतात हो. काकांना म्हणावं, बिनधास्त या.

धागाकर्ती

अपडेट. डॉक्टरांनी सँडलला आणि चालायला हो म्हटलंय, गुडघ्याला पट्टा दिलाय. चेन्नईच्या मेलची वाट बघतोय. रविवारपासून बाबा शेजारच्या काकांच्या स्कूटरवर बसून पहाटे कन्हानच्या पात्रात रेतीत चालायला जातात. काल सव्वा किलोमीटर, आज दीड. आकडे पेन्सिलीने लिहिलेत, आणि पेन्सिल वहीला सुतळीने बांधलीय, म्हणजे रेतीत पडायला नको.